स्वतःची प्रगती नेमकी कशी ओळखावी?

प्रश्न : राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे सध्या उत्तरलेखनाचा सराव करतो आहे. रोज रात्री दैनंदिनीही लिहितो, पण तीत 'आज अभ्यास चांगला झाला' यापलीकडे काही उतरत नाही. आपण खरोखर सुधारत आहोत की नुसती पाने भरत आहोत, हे कसे ठरवावे?

प्रतिसाद १ : हे 'वाटणे' फसवे असते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तो आपल्या अधिक लक्षात राहील अशी खात्री होती; प्रत्यक्षात आठवड्यानंतरच्या चाचणीत, मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणारेच पुढे गेले. तेव्हा उत्तर लिहून होताच अपेक्षित गुण पेन्सिलीने मांडा आणि तपासणीनंतर मिळालेले गुण त्याशेजारी लिहा. दोहोंतला फरक घटत गेला, तर निदान स्वतःची पारख सुधारते आहे असे समजावे.

प्रतिसाद २ : फरकावरून कारण मात्र कळत नाही. ७३व्या घटनादुरुस्तीवरील उत्तरात ग्रामसभेची व्याख्या बिनचूक लिहूनही प्रश्नात मागितलेले मूल्यमापन राहून गेले, तर ती उणीव वाचनाची नसून प्रश्न समजून घेण्याची आहे, आणि दैनंदिनीत तेवढेच नोंदवावे. (स्वतःला बोल लावण्यात पान खर्ची घालू नये, त्याला गुण नसतात.)

प्रश्नकर्ता : तपासणारे कोणी नाही. अभ्यासिकेतील मित्राशी वह्यांची अदलाबदल केली तर चालेल का?

प्रतिसाद १ : चालेल, फक्त आपला अंदाज वहीच्या मागच्या पानावर लिहा, म्हणजे तो पाहून मित्र भिडेपोटी तेवढेच गुण देणार नाही.