कास्ट पॉलियुरेथेनच्या व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व लहान कारखान्याला उपयोगी पडते का?

ओतकाम_सहाजण:
नमस्कार. आमचा पॉलियुरेथेनचे रोलर, चाके आणि स्क्रेपर ओतण्याचा लहान कारखाना आहे. प्रीपॉलिमर (पॉलियुरेथेनचा अर्धवट तयार कच्चा माल) तापवून त्यातील हवा काढणे, मोका (त्याला घट्ट करणारे रसायन) वितळवून मिसळणे, साच्यात ओतणे आणि ओव्हनमध्ये तापवून पक्के (क्युअर) करणे ही सगळी कामे आम्ही सहा जण मिळून करतो. कच्चा माल पुरवणाऱ्यांनी आम्हाला कास्ट पॉलियुरेथेन उद्योगाच्या संघटनेत येण्याचा आग्रह केला आहे, परंतु माझ्या भागीदाराच्या मते अशा संघटना म्हणजे नावांची यादी आणि वर्षातून एक भोजन, याहून अधिक काही नसते. त्यातच एका ग्राहकाने यापुढे मोकाविरहित मालच हवा असे कळवले असून, दुसऱ्याशी शोअर कठीणतेवरून (माल किती कठीण आहे याच्या मापावरून) वाद चालू आहे. या दोन बाबतींत संघटनेची प्रत्यक्ष मदत होते का, हे अनुभवी सभासदांनी सांगावे ही विनंती.

साचा_आणि_ओव्हन:
आपल्या भागीदारांची शंका अगदीच निराधार नाही. तरीही कठीणतेच्या वादापासूनच सुरुवात करतो, कारण संघटनेचा उपयोग मला तिथेच पहिल्यांदा कळला. आम्ही ९० शोअर ए म्हणून पाठवलेला माल ग्राहकाने ८६ म्हणून परत केला होता. आमचा माणूस ड्युरोमीटर (कठीणता मोजायचे उपकरण) टेकवताच आकडा वाचत असे, तर ग्राहकाकडे सुई स्थिर होईपर्यंत थांबत, आणि पॉलियुरेथेन दाबाखाली हळूहळू मागे सरत असल्याने उशिरा वाचलेला आकडा कमीच येतो. शिवाय आम्ही पोलादी टेबलावर ठेवलेल्या ३ मिमी पट्टीवर मोजत होतो. एएसटीएम डी २२४० या कठीणता मोजण्याच्या मानकानुसार नमुना किमान ६ मिमी जाड असावा लागतो. त्याहून पातळ पट्टीखालचे पोलादही मापात उतरते आणि आकडा फुगतो. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते. संघटनेच्या तांत्रिक बैठकीत एका जुन्या ओतकाऱ्याने हे फळ्यावर आकृती काढून समजावले, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर आम्ही खरेदीपत्रावरच नमुन्याची जाडी, तापमान, किती सेकंदांनी वाचायचे आणि ओतल्यानंतर किती दिवसांनी मोजायचे हे लिहून घेऊ लागलो.

उत्तर अमेरिकेतील पॉलियुरेथेन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन १९७१ पासून नेमक्या याच उद्योगासाठी काम करते. फोम बनवणाऱ्यांच्या संघटना वेगळ्या असतात, आणि त्यांच्या बैठकीत आपल्या साच्यांविषयी फारसे काही हाती लागत नाही. म्हणून सभासद होण्यापूर्वी संघटना कोणत्या पॉलियुरेथेनची आहे, हे आधी पाहावे.

अमाइन_आणि_आकडे:
मोकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मोकाला गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. तो श्वासापेक्षा त्वचेतून अधिक सहज शरीरात जातो, त्यामुळे हवेची तपासणी ठीक आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कामगारांच्या लघवीची तपासणी करावी लागते. युरोपीय संघात २२ नोव्हेंबर २०१७ नंतर परवानगीशिवाय मोका वापरता येत नाही, आणि २४ ऑगस्ट २०२३ पासून तेथे डायआयसोसायनेट (ज्यांपासून प्रीपॉलिमर बनते ती रसायने) हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. असे नियम मसुद्याच्या अवस्थेत असताना त्यावर मत मागवले जाते. सहा जणांच्या कारखान्याला तो मसुदा वाचायलाही सवड नसते, आणि संघटना हवी ती इथे.

पर्यायी क्युरेटिव्हकडे (मोकाच्या जागी वापरायच्या घट्ट करणाऱ्या रसायनाकडे) वळताना जुने प्रमाण तसेच ठेवू नका. आपले प्रीपॉलिमर टीडीआय या डायआयसोसायनेटचे असून त्यात ४.१ टक्के एनसीओ (क्युरेटिव्हशी जोडला जाणारा क्रियाशील गट) आहे असे धरले, तर ९५ टक्के स्टॉइकिओमेट्रीला (एनसीओच्या मानाने क्युरेटिव्हच्या प्रमाणाला) १०० भागांमागे मोका सुमारे १२.४ भाग लागतो, पण डीएमटीडीए हे पर्यायी क्युरेटिव्ह सुमारे ९.९ भागच लागते, कारण पहिल्याचे समतुल्य वजन (एका एनसीओ गटामागे लागणारे वजन) १३३.५ आणि दुसऱ्याचे १०७ आहे. सवयीने १२.४ भागच घातले, तर स्टॉइकिओमेट्री ११८ टक्क्यांच्या वर जाईल आणि माल दिसायला ठीक असूनही कामात टिकणार नाही. डीएमटीडीए सामान्य तापमानाला द्रव असल्याने वितळवण्याचा त्रास वाचतो, तरी हातमोजे काढायची मुभा त्यामुळे मिळत नाही.

हिशेबी_सभासद:
मी तीन वर्षे एका संघटनेत होतो आणि बाहेर पडलो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. बैठकांचे विषय बहुधा मोठे पुरवठादार ठरवत, आणि कित्येक व्याख्याने म्हणजे नव्या मालाची जाहिरातच असे. भाव, ग्राहकांची वाटणी किंवा निविदा यांविषयी सभासदांनी आपसांत बोलणे स्पर्धाविषयक कायद्यांत बसत नाही, आणि नीट चालणाऱ्या संघटनेत तसा विषय निघताच अध्यक्ष तो थांबवतात. तेव्हा ‘सगळे मिळून भाव वाढवू’ या आशेने कोणी जात असेल, तर त्याने जाऊच नये. माझी स्वतःची चूक मात्र अशी, की मी फक्त वार्षिक संमेलनाला जात असे. सुटलेला बाँड (धातूशी असलेला जोड), ओलाव्यामुळे आलेले बुडबुडे, फुटलेले साचे यांवर जिथे उघडपणे बोलले जायचे, त्या तांत्रिक समितीत मी कधी बसलोच नाही. सभासदत्वाचा अर्ज भरण्याआधी त्या समितीच्या एका बैठकीला पाहुणा म्हणून येऊ देतात का, एवढे विचारा.

ओतकाम_सहाजण:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. समितीच्या पुढच्या बैठकीला पाहुणा म्हणून येण्याची परवानगी मागितली आहे, आणि भागीदारालाच पाठवायचे ठरवले आहे. दरम्यान, आमचा ड्युरोमीटर आज प्रमाणित ठोकळ्यावर लावून पाहिला. तो तीन अंक जास्त दाखवतो. वादातल्या ग्राहकाला हे आजच कळवत आहे.