एसआरपीएफला पलटणीसारखंच ठेवायचं का?

शिवणेकर:
एसआरपीएफ म्हणजे राज्य राखीव पोलीस दल. त्याचा मुंबई राज्य राखीव पोलीस दल कायदा १९५१ चा. तेव्हापासून घडण तीच: गटावर समादेशक, खाली कंपन्या, प्लाटून. कंपनी स्वयंपाकाच्या भांड्यांसकट ट्रकमधून निघते आणि बंदोबस्ताच्या गावी शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात मुक्काम टाकते. या जवानांकडे गुन्हा नोंदवणं नाही, तपास नाही. ज्या वस्तीत उभं राहायचं, तिथलं एक माणूस त्यांच्या ओळखीचं नसतं. हे दल दंगल आणि नक्षलग्रस्त भाग एवढ्यापुरतं ठेवा. विसर्जन, मोर्चे, सभा यांच्यासाठी स्थानिक पोलीस वाढवा.

माने_दौंड:
अजिबात पटलं नाही. माझा भाऊ दौंडच्या गटात आहे. ओळख नसणं हाच तर फायदा! स्थानिक पोलिसाला उद्या त्याच नगरसेवकासमोर उभं राहायचं असतं, दोन्ही बाजू त्याला ओळखतात. बाहेरून आलेली कंपनी कुणाचं ऐकत नाही, फक्त हुकूम ऐकते. गर्दी अंगावर आली की रांग न मोडणं महिनोन्‌महिने कवायत केल्याशिवाय येत नाही.

शिवणेकर:
घाटकोपरचं रमाबाई नगर, ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि एसआरपीएफच्या एका पथकाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. कुठे होती तिथे शिस्त?

माने_दौंड:
ते अक्षम्यच होतं. पण २००९ मध्ये न्यायालयाने त्या पथकाच्या उपनिरीक्षकाला दोषी धरून जन्मठेप दिली. एका अधिकाऱ्याचा गुन्हा सगळ्या दलाच्या माथी मारू नका.

रेवा_क:
माने, एका अधिकाऱ्यावर विषय संपत नाही. उत्तर प्रदेशातलं अशाच बांधणीचं सशस्त्र पोलीस दल म्हणजे पीएसी (प्रोव्हिन्शियल आर्म्ड कॉन्स्टॅब्युलरी). २२ मे १९८७ ला मेरठच्या हाशिमपुऱ्यातून मुसलमान पुरुषांना ट्रकमध्ये भरून नेलं आणि कालव्याकाठी गोळ्या घातल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ जवानांना जन्मठेप दिली ती २०१८ मध्ये, एकतीस वर्षांनी. अख्खा ट्रक गप्प राहिला, कारण तिथे निष्ठा आधी आपल्या तुकडीशी असते.
आणि कायदा बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत १४८: ठाण्याचा प्रभारी हजर नसेल, तर उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही जमाव पांगवण्याचा हुकूम देऊ शकतो. म्हणजे परगावचा प्लाटूनप्रमुख परक्या वस्तीत एकटा निर्णय घेतो. दल मोडा असं मी म्हणत नाही. स्थानिक अधिकारी किंवा दंडाधिकारी सोबत असल्याशिवाय गोळीबाराचा हुकूम नको, एवढी अट तरी घाला.

माने_दौंड:
हाशिमपुऱ्याचं मानतो, त्याला माफी नाही. अटही कागदावर ठीक आहे. पण दंडाधिकारी येईपर्यंत दगड कुणाला लागतात? जवानालाच. अट घालायची तर कंपनी उतरण्याआधी तो अधिकारी जागेवर हजर हवा, आणि उशीर झाला तर जाब त्यालाच विचारा.