मदत हवी आहे: नातीच्या वाढदिवसाचे खाऊचे डबे घडीवर तडकतायत

सुनंदा_नौपाडा:
रविवारी नातीचा वाढदिवस आहे. शुभेच्छापत्रं झाली, डबे मात्र जमत नाहीत. घडी घातली की कागद तडकतो, आतला पांढरा भाग दिसतो. झाकणही बसत नाही. शनिवारी डबे भरायचे आहेत, कृपया लवकर सांगा.

रानजाई:
कागद किती जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅमचा? मापं काय घेतलीत? आत काय ठेवणार?

जांभळीनाका_फॅन:
जांभळी नाक्यावर तयार डबे मिळतात, घेऊन या. विषय संपला.

सुनंदा_नौपाडा:
विकतचे नकोत. नात स्वतः प्रत्येक झाकणावर मोर काढणार आहे, तेच तर तिला मित्रमैत्रिणींना द्यायचंय. जीएसएम माहीत नाही, जाड रंगीत चकचकीत कागद आहे. तळ आणि झाकण एकाच मापाचं. आत बेसनाचे लाडू.

वाशीकर_काका:
मी छपाईत आयुष्य काढलं, म्हणून सविस्तर लिहितो. चकचकीत थर घडीवर तुटतो आणि रंग फक्त वर असेल तर आतला पांढरा दिसणारच. आतपर्यंत एकच रंग असलेला, बिनचमकीचा 220 ते 250 जीएसएमचा कागद घ्या. त्यावर मुलीचे खडूही नीट चालतील. कागदात तंतूंची दिशा असते. तो हलकेच दोन्हीकडे वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तिकडची घडी स्वच्छ पडते. पण डब्याला घड्या दोन्ही दिशांना लागतात, म्हणून आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबायचीच. चर बाहेरच्या अंगाला आली पाहिजे.

कागदकाम_ऐरोली:
काका, चर आतच हवी! मी सगळे आकाशकंदील तसेच केलेत.

वाशीकर_काका:
पातळ कागदाला चालून जातं. जाड कागदात दाबल्यावर मागे जो उंचवटा येतो तो घडीच्या आत राहिला की बाहेरच्या थरावर ताण कमी पडतो. तुकड्यावर दोन्ही करून बघा.

कागदकाम_ऐरोली:
बघते. पण गोंद लावू नका हं, कागदाला पोक येतो. दुहेरी टेपच.

रानजाई:
गोंदाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि कपड्यांचे चिमटे लावायचे. दमट हवेत टेप सुटते.
सुनंदाताई, झाकणाचा तळ 2-3 मिमी मोठा ठेवा. 21 सेंमीच्या चौकोनाला चारी बाजूंनी 5 सेंमी भिंत घेतली की तळ 11 सेंमी राहतो. झाकणाला 17.3 चा चौकोन आणि 3 सेंमी भिंत, म्हणजे तळ 11.3. एफोर कागदाची रुंदी 21 सेंमीच असते, त्यामुळे तळ आणि झाकण मिळून दोन कागदांत एक डबा होतो.

आरोग्यम्_घोडबंदर:
लाडवांत साखर किती? मुलांना मखाणे द्या.

रानजाई:
त्यांनी ते विचारलंय का? साखरेपेक्षा तुपाचं बघा. खाली बटर पेपर घाला, नाहीतर तळाला डाग पडेल. वर्तमानपत्र अजिबात नको. छपाईची शाई खाण्यात उतरते आणि अन्नसुरक्षा नियमांतही त्याला मनाई आहे. चमकीही आतून नको.

सुनंदा_नौपाडा:
काकांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या पुठ्ठ्यावर रेघ दाबून बघितली, चर बाहेर ठेवली. घडी सरळ आली! उद्या दुपारी बिनचमकीचा कागद आणते. नातीला मोरपिशी रंगच हवाय. गोखले रोड किंवा राम मारुती रोडच्या बाजूला कुठे मिळेल?

जांभळीनाका_फॅन:
जांभळी नाक्यावर.