डिफमधून ऑइल गळतंय: वॉरंटीसाठी थांबायचं की बाहेर सील बदलून मोकळं व्हायचं?

काटोलवाला
नमस्कार. पिकअप घेऊन अकरा महिने झाले, ३१ हजार किलोमीटर पडले. काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री, आणि माल नसेल त्या दिवशी वाडीच्या गोदामांतून मिळेल ते भाडं. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर.

दिवाळीनंतर एका सकाळी अंगणातून गाडी काढली तर फरशीवर पावलीएवढा डाग. खाली वाकून पाहिलं. मागच्या डिफच्या (डिफरेन्शियल, मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) नाकावर, जिथे इंजिनाकडून ताकद आणणारा प्रोपेलर शाफ्ट येऊन बसतो तिथे, काळा चिकट थर आणि त्यावर धूळ बसलेली. वर बॉडीच्या तळालाही पंख्यासारखे शिंतोडे. बोटावर घेऊन वास घेतला, तर गिअर ऑइलचा तो उग्र गंधकी वास.

सर्व्हिस सेंटरला तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा पुसून दिलं, म्हणाले सीपेज (नुसता पाझर) आहे, नॉर्मल असतं. दुसऱ्यांदा बाहेरून सीलंट फासलं. नऊ दिवस कोरडं राहिलं, दहाव्या दिवशी परत तेच. तिसऱ्यांदा म्हणाले सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) बदलावं लागेल, पार्ट मागवतो, गाडी सोडून जा, आठ-दहा दिवस लागतील.

संत्र्याचा आंबिया बहार ऐन भरात आहे. गाडी त्यांच्या शेडमध्ये उभी ठेवून मी दुसऱ्याच्या गाडीने माल नेऊ? सीलची किंमत शेकड्यात, माझे बुडणारे दिवस हजारांत. वॉरंटी सीलची आहे, माझ्या दिवसांची नाही. म्हणून ऑटोमोटिव्ह चौकातल्या ओळखीच्या मेकॅनिककडून अर्ध्या दिवसात बदलून घ्यायचं जवळजवळ ठरवलंय. पटत नसेल तर सांगा, पण ‘कंपनीतच करा’ एवढंच लिहून जाऊ नका. का, ते सांगा.

वर्धा-रोड
का, ते सांगतो. पिनियन म्हणजे डिफच्या नाकातला, शाफ्टला जोडलेला गिअर. त्याचं सील काढायचं तर आधी पिनियनचा नट सोडावा लागतो. बऱ्याच गाड्यांत आतल्या दोन बेअरिंगांच्या मध्ये चेपली जाणारी एक स्लीव्ह असते. नट किती आवळला यावर ती किती चेपणार आणि बेअरिंगवर किती ताण राहणार हे ठरतं. कमी आवळला तर पिनियन खेळतो, जास्त आवळला तर बेअरिंग तापतं. दोन्हीत काही महिन्यांनी साठ-सत्तरच्या वेगाला मागून भुंग्यासारखा आवाज सुरू होतो. तेव्हा कंपनी पहिला प्रश्न विचारेल की हे आधी कुणी उघडलं होतं? सीलपायी अख्ख्या डिफची वॉरंटी घालवून बसाल. नाकापेक्षा मोती जड.

पाना-२२
२२ वर्षं झाले कामठी रोडवर गाड्या खोलून राहिलो, म्हणून नाव पाना-२२. वर्धा-रोडवाले भाऊ बरोबर बोलून राहिले, पण घाबरवून जास्त राहिले. सील बदलणं म्हणजे काही मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही. खोलायच्या आधी नट आणि शाफ्टवर पंचची खूण करायची, सैल किती फिरला ते मोजायचं, नवीन नट टाकायचा, स्लीव्ह नवी भेटली तं तीही टाकायची, आणि ताण हातानं फिरवून नाही, काट्याच्या टॉर्क रेंचवर (जोर मोजणारा पाना) पाहायचा. ज्याच्यापाशी तो रेंच नाही त्याच्याकडे जाऊच नका, मग तो मेकॅनिक असो का कंपनीचा शेड.

पण सीलच्या आधी ब्रीदर पाहिला काय कोणी? हाउसिंगच्या वर एक टोपीवाली नळी असते, बोटाच्या पेराएवढी. गाडी चालली का ऑइल तापते, आतली हवा फुगते, त्या नळीतून निघून जाते. ती बुजली तं हवा कुठून जाणार? सीलच्या ओठातूनच ऑइल ढकलते. काटोलकडच्या काळ्या मातीत बागेच्या पांदणीतून गाडी घालत असाल तं ब्रीदर बुजणारच. तो साफ न करता सील टाकलं तं महिन्याभरात नवं सीलही रडते.

काटोलवाला
दादा, तुमच्याकडे आणली तर करून द्याल का? आणि पक्कं बिल मिळेल?

पाना-२२
करून देईन. पक्कं बिल मागू नका. वॉरंटीतल्या गाडीचं डिफ मी खोललं हे कागदावर मी नाही लिहून देत. उद्या कंपनीवाला तोच कागद घेऊन माझ्या दारात.

वर्धा-रोड
घ्या. ज्याच्या भरवशावर उघडायचं, तोच कागदावर यायला तयार नाही.

जुना-ॲडव्हायझर
मी सहा वर्षं एका डीलरकडे सर्व्हिस ॲडव्हायझर होतो (कोणत्या ते विचारू नका). दोन्ही बाजू ऐकून आतली गोष्ट सांगतो.

‘सीपेज नॉर्मल आहे’ हे दर वेळी खोटं नसतं. सीलच्या कडेला ओलसर झाक येते, थेंब पडत नाही, पातळी उतरत नाही, अशा ओलीला कंपन्या बिघाड मानत नाहीत. म्हणून रीत अशी की तो भाग धुऊन कोरडा करायचा, शे-दोनशे किलोमीटर गाडी पळवायची आणि परत बघायचं. पण धुऊन परत बघायला बोलावलंच नाही, तर ती रीत नाही, ती टोलवाटोलवी. आणि बाहेरून सीलंट फासणं तर निव्वळ वेळ मारून नेणं. जिथे शाफ्ट फिरतो तिथे फासलेला गोंद टिकणार कसा?

दुसरं, डीलरला वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनीकडून मिळतात, तेही किलोमीटर दिसतील असे फोटो, जुना पार्ट आणि ग्राहकाच्या शब्दांतली तक्रार नीट लावली तर. त्यात कसर राहिली की क्लेम परत येतो. म्हणून ॲडव्हायझरचा हात आखडतो. तुमचे तिन्ही जॉब कार्ड (गाडी आत घेताना भरतात तो कागद) काढा. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. पुढचं सगळं त्यावर आहे.

काटोलवाला
डॅशबोर्डच्या खणातून काढले. पहिल्यावर ‘जनरल चेकअप, वॉशिंग’. दुसऱ्यावर ‘ब्रेक ॲडजस्ट’. तिसऱ्यांदा कार्ड उघडलंच नाही, काउंटरवर तोंडी बोलणं झालं. डिफ हा शब्दही कुठे नाही. आणि दोन्ही कार्डांवर खाली माझी सही आहे.

जुना-ॲडव्हायझर
म्हणजे कागदावर तुमचं डिफ आजपर्यंत एकदाही गळलेलं नाही.

हिशेबी
सगळे सीलवर बोलताहेत, मी वेगळं विचारतो. काटोलवाला, आरसीवर भार किती आणि संत्र्याचे कॅरेट (क्रेट) किती टाकता? खरं सांगा.

काटोलवाला
कागदावर १,३०० किलो. सत्तर कॅरेट टाकतो.

हिशेबी
एका कॅरेटमध्ये २२ किलो धरले तर १,५४० किलो झाले, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळंच. वॉरंटीच्या पुस्तकात ओव्हरलोडचं कलम असतं ते याचसाठी. शिवाय रस्त्यात अडवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार दंड, वर जादा टनामागे २ हजार. कंपनीवर बोट दाखवण्याआधी आपला काटा बघा.

काटोलवाला
कळमन्याच्या गेटवर उभं राहून बघा, १,३०० किलोवर किती गाड्या येतात ते. भाडं कॅरेटवर मिळतं, भाऊ. साठ कॅरेट नेले तर डिझेलच निघतं.

पाना-२२
ओव्हरलोडनं स्प्रिंगचे पाटे बसतात, ॲक्सलचे बेअरिंग जातात, चाकाकडचं सील जाऊन ऑइल ब्रेकच्या लायनरवर येते. ते माझ्याकडे रोज येते. पिनियनचं सील त्यानं पहिले नाही जात. पण हिशेबीभाऊंचं इतकं खरं का डिफ जास्त तापते. आणि तापलं तं ब्रीदर चालू पाहिजे.

सिव्हिल-लाइन्स
कायद्याचं थोडं. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही, असं सांगून डीलर हात झटकतात. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये त्याला अपवाद आहे: स्वयंरोजगारातून स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू. काटोलवाला स्वतः गाडी चालवत असतील तर त्यांची बाजू भक्कम आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती करता येते, म्हणजे नागपूरलाच. गाडी पाच ते दहा लाखांतली असेल तर फी २०० रुपये. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्याला काही लागत नाही आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच फोन येतो.

काटोलवाला
गाडी मीच चालवतो, साडेनऊ लाखांची आहे. पण एका सीलसाठी आयोग? तोवर मृगाचा बहारही निघून जाईल.

सिव्हिल-लाइन्स
सीलसाठी कोण जातंय? उद्या क्राउन-पिनियन (डिफमधली मुख्य गिअरजोडी) गेला आणि ते म्हणाले ‘तुम्ही कधी सांगितलंच नाही’, त्या दिवसासाठी कागद हवा.

जुना-ॲडव्हायझर
आज करायचं काम सांगतो. गाडी सपाट जागी लावा, डिफचा वरचा प्लग खोला, आत बोट घाला. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं पाहिजे. ते नसेल तर ही ओल नाही, गळती आहे. आणि रात्री डिफखाली पुठ्ठा ठेवा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा, सकाळी फोटो.

काटोलवाला
दुपारी मेकॅनिककडे प्लग खोलला. बोट पहिल्या पेरापर्यंत आत वाकवलं तरी कोरडं. पाऊण लिटर ऑइल गेलं, मग काठावर आलं. तीन वेळा गाडी आत गेली, तीनही वेळा बाहेरून पुसली, हा प्लग कुणी खोलला नाही. हात थरथरले राव. परवाच समृद्धीवरून शिर्डीचं भाडं करून आलो होतो, पाचशेवर किलोमीटर जायला आणि तेवढंच यायला.

ब्रीदरही पाहिला. टोपीत काळी माती अशी घट्ट बसलीय की टोपी फिरतच नाही. साफ करू का?

वर्धा-रोड
नका! फोटो काढा, तसाच ठेवा, त्यांना दाखवा.

हिशेबी
आणि ते म्हणतील ‘देखभाल केली नाही, क्लेम नामंजूर’. स्वतःच्या हाताने पुरावा द्यायचा का? साफ करा आणि गप्प बसा.

जुना-ॲडव्हायझर
ठरलेल्या सर्व्हिसला ब्रीदर तपासणं त्यांच्याच यादीत असण्याची शक्यता जास्त. सर्व्हिसचं पुस्तक उघडून बघा. यादीत असेल तर ती माती त्यांच्या गळ्यात.

पाना-२२
तुमचं कागद-कागद चालू द्या. गाडी रोज चालून राहिली, दाब रोज बनून राहिला. फोटो काढून साफ करा नं बाप्पा, दोन मिनिटांचं काम आहे!

काटोलवाला
फोटो काढले आणि साफ केला, पानादादांचं ऐकून. पुस्तकात पाहिलं, ब्रीदर यादीत आहे.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. या वेळी कार्ड भरताना ॲडव्हायझरच्या खांद्यावरून बघत उभा राहिलो. ‘मागच्या डिफच्या पिनियन सीलमधून ऑइल गळती, चौथी भेट, पातळी पाऊण लिटर कमी आढळली’ असं लिहून घेतलं, मगच सही केली. तो म्हणाला गाडी ठेवा. मी म्हटलं पार्ट आल्यावर फोन करा, सकाळी सातला आणून लावतो, संध्याकाळी नेतो. तोवर गाडी माझी. थोडी कुरकुर केली, आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि हो म्हणाला. हे मला दिवाळीतच का सुचलं नाही कोण जाणे.

वर्धा-रोड
शेवटी कंपनीतच गेलात ना.

काटोलवाला
गेलो, पण मत बदललेलं नाही. १५ तारखेपर्यंत पार्ट आला नाही तर गाडी कामठी रोडला, बिलाशिवाय. दर दोन दिवसांनी प्लग खोलून पातळी बघतोय. साठ कॅरेटवर आलोय, हिशेबीभाऊ, आठ दिवसांपुरता. काल रात्री पुठ्ठा ठेवला होता. सकाळी दोन थेंब. तारीख टाकून फोटो काढला.

पाना-२२
ब्रीदर साफ केल्यावर दोनच? पहिले किती पडत होते?

काटोलवाला
आधी मोजले कुठे होते, दादा.