विषय: पुढील बैठकीत थिंड खटलाच का?

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

इतिहास-गटाने पुढील बैठकीसाठी १९२३च्या थिंड खटल्याचा, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका भारतीयाला नागरिकत्व नाकारले तो, निकाल वाचायला दिला आहे. आमची पिढी भारत सरकारने मंजूर केलेले आठ डॉलर खिशात घेऊन या देशात उतरली, शिकली, मिळेल ते काम करून उभी राहिली. आम्ही ना कोणाला गुलाम केले, ना कोणाला वस्तीबाहेर ठेवले. गुलामगिरी आणि त्यानंतरचा वर्णभेद हे या देशाचे जुने दुखणे आहे. त्याचे ओझे आपल्या मुलांवर का टाकायचे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका पंजाबी गृहस्थांचा खटला मराठी मंडळात कशासाठी, हे संयोजकांनी सांगावे.

— एक ज्येष्ठ आजीव सभासद

आदरणीय काका, सा. न. वि. वि.

निवड माझी, तेव्हा उत्तरही मीच देते. १७९०च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींना नागरिकत्व खुले केले होते आणि यादवी युद्धानंतर, १८७० साली, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेल्यांनी न्यायालयात दावे केले ते बहुतेक सर्व आपण गोरे आहोत असे म्हणून. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातील एक वंश) आणि तुम्ही ते नाही, असे सांगून नागरिकत्व नाकारले. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या भगतसिंग थिंड यांना मात्र, तुम्ही शास्त्राप्रमाणे कॉकेशियन असाल, पण सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही बसत नाही, असे सांगितले. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच लिहिलेले आहेत.

बैठकीत मला खरा वेळ द्यायचा आहे तो थिंड यांच्या बाजूने झालेल्या युक्तिवादाला. विवाहसंबंधाचा विचार केला तर उच्चवर्णीय हिंदू भारतातील मूलनिवासींना जसे दूर ठेवतो, तसेच अमेरिकन माणूस कृष्णवर्णीयांना ठेवतो, अशा आशयाचे विधान त्यात आहे. म्हणजे वर्णभेदाचा कायदा अन्यायकारक आहे असे न म्हणता, आमच्याकडेही अशीच उतरंड आहे आणि आम्ही वरच्या पायरीवरचे आहोत, हा दाखला पुढे केला गेला. हा भाग पंजाबी नाही. तो आपल्या घरातलाही आहे. थिंड यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. या निकालानंतर सरकारने डझनावारी भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यात पंडितांवरही दावा लावला. परंतु १९२६ साली ते अपिलात जिंकले आणि ती मोहीम थंडावली.

आता मुलांवरील ओझ्याविषयी. १९४६च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुले झाले खरे, पण भारतातून येऊन स्थायिक होण्याचा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा. तो मोडला ३ ऑक्टोबर १९६५च्या कायद्याने, आणि ज्या काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) तो संमत केला तिनेच त्याआधी दोन महिन्यांच्या आत कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा केला होता. वंश पाहून माणसे निवडणे लाजिरवाणे वाटू लागले ते नागरी हक्कांच्या चळवळीमुळे. आपल्या पिढीची मेहनत कोणी नाकारत नाही. मात्र नव्या कायद्याने कुशल व्यावसायिकांना प्राधान्य दिले, म्हणून डॉक्टर आणि इंजिनियर निवडून आत घेतले गेले, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

— संयोजिका, इतिहास-गट

सर्वांना नमस्कार,

घरांचा प्रश्न वगळू नये, असे मला वाटते. आमच्या घराच्या जुन्या कागदपत्रांत एक कलम आहे, त्यानुसार गोऱ्यांखेरीज कोणालाही तेथे राहता येत नव्हते. अपवाद फक्त घरगड्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने सेंट लुईसच्या एका खटल्यात १९४८ साली ठरवले की न्यायालये अशी कलमे अमलात आणणार नाहीत, आणि १९६८च्या कायद्याने घरविक्रीतील वंशभेदालाच बंदी केली. दरम्यान १९३४ पासून सरकारी गृहकर्ज-विम्याने कृष्णवर्णीय वस्त्या बहुतांशी वगळल्या होत्या. ज्या घरांमुळे गोऱ्या कुटुंबांची पुंजी वाढली ती कृष्णवर्णीयांना घेताच आली नाहीत. आपण जुन्या भेदाला जबाबदार नसू, पण आपल्यापैकी बहुतेकांनी घरे घेतली ती हा कायदा झाल्यानंतर.

— गटातील एक सभासद

संयोजिकाबाई, सप्रेम नमस्कार.

१९६५चे ऋण मला मान्य आहे. कोवळ्या मुलांसमोर मात्र अपराधाची भाषा नको, हे माझे मत कायम आहे. गट प्रौढांसाठीच ठेवावा. जातीच्या युक्तिवादावर बोलायचेच असेल तर दोन गोष्टी जोडा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. आणि १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. पंडितांना जे तेव्हा सुचले नाही, ते फुल्यांना पन्नास वर्षे आधी सुचले होते. पंडितांच्या अपिलाचा निकालही यादीवर पाठवावा. थिंड खटल्याबरोबर तो वाचून येईन.

— तोच ज्येष्ठ आजीव सभासद