लेट्यूसला मधूनच दांडा फुटलाय, कापू की उपटू?

कुंडीतली_पालवी
नमस्कार मंडळी, दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच लेट्यूस लावलं, चार कुंड्या, सगळं बियांपासून. मस्त आलं होतं, बाहेरची पानं खुडत खुडत जवळजवळ रोज खाल्लं. पण गेल्या आठवड्यात उन्हं तापायला लागली आणि बघता बघता तीन रोपांचा मधला भाग सरळ वर सुटला, सगळ्यात मोठ्याचा दांडा हातभर झालाय, वरची पानं बारीक आणि टोकदार यायला लागलीत आणि काल एक पान तोंडात टाकलं तर कडूजहर! दांडा जरा मोडून बघितला तर पांढरा चीक आला, बोटावर सुकून तपकिरी झाला. शेजारच्या रॉकेटलाही (ती तिखट पानांची सॅलडची भाजी) कळ्या दिसतायत. पाणी रोज घालते, खत कमी पडलं का? शेंडा कापला तर परत पहिल्यासारखी पानं येतील का? उपटायला हात धजावत नाहीये खरं सांगायचं तर.

मातीचे_हात
ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, आधी ते मनातून काढून टाका. लेट्यूसचं आयुष्यच एका हंगामाचं, पानं करायची, मग फुलायचं, बी धरायचं आणि संपायचं. दिवस मोठा झाला आणि ऊन वाढलं की झाडाच्या आत जिबरेलिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि तोपर्यंत जमिनीलगत दाटीवाटीने बसलेली पेरं भराभर लांब होतात, तोच तुमचा दांडा. पानांच्या कडूपणामागे लॅक्ट्यूसिन आणि त्याच्यासारखी द्रव्यं असतात, ती त्या चिकातच असतात आणि झाड फुलावर यायला लागलं की वाढतात. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्ट्यूका, तेही लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरूनच आलंय, त्या पांढऱ्या चिकामुळे.

खताने हे थांबत नाही. मात्र कुंडी लहान असेल, मुळं गोल गोल फिरून गच्च झाली असतील किंवा माती मधेमधे कडक सुकत असेल तर झाड ताणाखाली येतं आणि जे महिन्याने झालं असतं ते आज होतं. तेवढं एकदा कुंडी उपडी करून बघाच.

परसदार
शेंडा कापायचा प्रयोग मी दोन हंगाम मनापासून केलाय म्हणून सांगते. दोन बोटं बुंधा ठेवून कापलं, आठवड्याभरात बाजूने तीन-चार फुटवे आले, मी खूश, आणि मग प्रत्येक फुटव्याने स्वतःचा दांडा काढला! पानंही कडूच. एकदा झाडाने फुलायचं ठरवलं की ते मागे फिरत नाही, त्यात महिना घालवू नका.

त्यापेक्षा आज जे आहे ते वापरा. खालची रुंद पानं थंडगार पाण्यात अर्धा तास ठेवली की थोडा कडवटपणा उतरतो, सगळा नाही. लसणावर झटपट परतली किंवा सूपमधे घातली तर उरलेला कडवटपणा खपून जातो. आणि दांडा फेकू नका!! कळ्या यायच्या आत, म्हणजे नखाने दाबल्यावर नख सहज रुततं तोपर्यंत, वरची साल जाड सोला, पांढऱ्या चिकाचा थर आणि दोरे सगळे निघेपर्यंत, आत फिकट हिरवा काचेसारखा गाभा निघतो, कुरकुरीत, काकडीच्या जवळची चव. लेट्यूसचा एक प्रकार तर मुद्दाम या दांड्यासाठीच लावतात. रॉकेटच्या फुलांचंही तेच, पानासारखीच तिखट पण सौम्य, सरळ सॅलडवर टाका.

बीजवेडा
तिन्ही उपटा आणि कंपोस्टमधे घाला, पण जे चौथं रोप अजून बसून आहे त्याला हात लावू नका. बी धरायचं तर त्याचंच धरा. बरेच जण जे पहिलं फुललं त्याचंच बी ठेवतात कारण ते आधी तयार होतं, आणि मग दर वर्षी रोपं आणखी लवकर दांड्यावर जायला लागतात, कारण आपण नकळत तीच घाई निवडत असतो. सगळ्यात शेवटी फुलतं ते रोप खरं बियाण्याचं.

लेट्यूस सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. छोटी पिवळी फुलं येतील, प्रत्येक फूल एकदाच उमलतं, सकाळी काही तास, आणि मिटतं ते कायमचं. परागीभवन आपलं आपणच होतं त्यामुळे एक रोपही पुरतं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्या जागी पांढरा कापशी झुपका दिसतो, तो दिसला की चिमटीत धरून हलकेच ओढायचा, झुपक्यासोबत बी सुटून आलं तर तयार, नाही आलं तर थांबायचं. सगळं झाड एकदम पिकत नाही, म्हणून मी कागदी पिशवीत शेंडा वाकवून दर दोन दिवसांनी झटकतो. दांड्याला काठीचा आधार द्या, मावा येईल कदाचित, पाण्याच्या फवाऱ्याने जातो. एका झाडाला हजारोंनी बी येतं त्यामुळे थोडं उडून गेलं तरी जीव खालीवर करू नका. नंतर आठवडाभर सावलीत वाळवा आणि पाखडून घ्या.

रॉकेटचं मात्र वेगळं. ते मोहरीच्या कुळातलं, स्वतःच्याच परागाने सहसा बी धरत नाही, मधमाश्या लागतात आणि शेजारी निदान दोन-चार रोपं फुललेली लागतात. त्याच्या शेंगा पूर्ण वाळू द्या.

कुंडीतली_पालवी
बापरे केवढी माहिती, मनापासून आभार सगळ्यांचे! दोन दांडे सोलले, गाभा खरंच गोडसर आहे, पण सगळ्यात उंच असलेल्याचा खालचा अर्धा भाग लाकडासारखा झाला होता. कुंडीही उपडी केली, मुळांचं अक्षरशः वेटोळं झालं होतं. आता प्रश्न असा की पाकिटावर एफ-१ लिहिलंय, चौथ्याचं बी चालेल का? आणि लगेच परत पेरू का?

बीजवेडा
एफ-१ म्हणजे संकरित, बी उगवेल पण रोपं एकसारखी निघतील याची खात्री नाही. खायला लावून बघा की, पण पुढच्या वेळी संकरित नसलेलं, सरळ वाण घ्या म्हणजे धरलेलं बी आईसारखंच निघेल.

मातीचे_हात
पेरायची घाई नको, माती तापली की लेट्यूसचं बी झोपून राहतं, साधारण २८-३० अंशांच्या वर उगवण एकदम घसरते. पेरायचंच असेल तर ओल्या कागदात गुंडाळून, डबीत घालून दोन-तीन दिवस फ्रीजमधे ठेवा, मग संध्याकाळी पेरा, आणि वर माती जेमतेम भुरभुरवा, कारण बऱ्याच वाणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो. या वेळी मोठी कुंडी, दुपारी सावली, आणि एकदम चार कुंड्या भरण्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी एक.