तोंड न दाखवणारा मालक: जमिनीला चालतो, लॉजला चालत नाही

भुसावळ_जंक्शन (धागाकर्ता)

मागच्या रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती. आमच्यातला एक प्लॉटिंगवाला म्हणाला, "धंदा करायचा तर हॉवर्ड ह्यूजससारखा. मालक कोणाला दिसलाच नाही पाहिजे." हातात कळण्याची भाकरी असताना वाद घालायचा नसतो, म्हणून गप्प बसलो. तो वाद आता इथे घालतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्यूजस म्हणजे अमेरिकेतला विमानवाला, सिनेमावाला. 1966 मध्ये टीडब्ल्यूए या विमान कंपनीतले शेअर विकून त्याला 54 कोटी डॉलरच्या वर पैसा मिळाला. त्याच नोव्हेंबरात तो बॉस्टनहून रेल्वेनं लास व्हेगासला, म्हणजे नेवाडा राज्यातल्या जुगाराच्या शहरात आला, पहाटे अंधारात उतरला आणि स्ट्रेचरवरून डेझर्ट इन नावाच्या हॉटेलात गेला. वरचे दोन मजले भाड्यानं घेतले. (पहाटे चारला गाडीतून उतरणारं गिऱ्हाईक आम्हा भुसावळकरांना नवीन नाही, पण ते सकाळच्या गाडीनं पुढे जातं.) हा काही हलेना. वर्षअखेरीला मोठे जुगारी येणार, त्यांच्यासाठी त्या खोल्या हव्या होत्या. हा बाबा जुगार खेळेना, आणि त्याची माणसं जुगार न मानणाऱ्या मॉर्मन पंथाची, तीही खेळेनात. कॅसिनोवाला खोलीभाड्यावर थोडाच जगतो? त्यानं सांगितलं, खोल्या खाली करा. ह्यूजसनं 1967 मध्ये ते हॉटेलच घेऊन टाकलं, सुमारे 1 कोटी 32 लाख डॉलरला. मग सँड्स, कास्टअवेज, फ्रंटियर, सिल्व्हर स्लिपर, लँडमार्क. स्टारडस्टही घेणार होता, पण 1968 मध्ये तिथल्या न्याय खात्यानं मक्तेदारीचा मुद्दा काढला आणि सौदा बारगळला. एवढं सगळं नवव्या मजल्यावरच्या काळ्या पडद्यांआडून. चार वर्षं माणूस खाली उतरला नाही.

माझं म्हणणं असं, की हा मालक जमिनीत ग्रेट आणि हॉटेलात नापास. 1950 च्या दशकात त्यानं लास व्हेगासच्या पश्चिमेला सुमारे 25,000 एकर वाळवंट घेऊन ठेवलं आणि विसरल्यासारखं सोडून दिलं. आज तिथं समरलिन नावाचं शहर आहे, लाखाच्या वर वस्ती आहे. नाव त्याच्या आजीचं, म्हणजे बापाच्या आईचं. जमिनीला मालकाचं तोंड लागत नाही. ती रात्री चादर मागत नाही.

हॉटेल मागतं. लँडमार्कच्या उद्घाटनाचं ऐका. 1969 चा जुलै, टॉवर उभा, नोकर उभे, आणि पाहुण्यांची यादी साहेबांकडून येईचना. हे नाव काढा, ते घाला, तारीखच बदला, असं अगदी शेवटच्या दिवसापर्यंत चाललं. आणि हे कोणाचं? जो त्या समारंभाला येणारच नव्हता त्याचं.

माझं स्टेशनजवळ 14 खोल्यांचं लॉज आहे. मुलीच्या बाळंतपणाला वीस दिवस पुण्याला काय गेलो, परत येऊन पाहतो तर अकरा टॉवेल गायब आणि एक खोली रजिस्टरला नोंद न करता दिलेली. पोलीस तपासणीला आले असते तर माझी वरात निघाली असती. वीस दिवसांत हे. त्याची तर चार वर्षं होती.

एरंडोलचा_शेतकरी

नाना, लॉजबद्दल बोललात ते पटलं. पण "जमिनीत ग्रेट" वाचून डोकं फिरलं.

आमच्या हायवेचं फागणे-तरसोद चौपदरीकरण व्हायच्या आधीची गोष्ट. काकांच्या बांधाला लागून एक गृहस्थ आले. "गायी पाळायच्यात, गोठा टाकायचाय." काकांनी कोरडवाहू म्हणून कोरडवाहूच्या भावात चार एकर दिले. इसार घेताना समोर एक माणूस, दस्ताला दुसराच, आणि फेरफार झाल्यावर सातबाऱ्यावर तिसऱ्याचं नाव. गाय आजपर्यंत दिसली नाही. प्लॉटचे खांब दिसले. काका अजून त्या रस्त्यानं जात नाहीत, गावाला मागून वळसा घालून येतात.

गुपित म्हणजे काय हो? तुला माहीत आहे ते मला कळू द्यायचं नाही आणि तेवढ्यात माझा अंगठा घ्यायचा. याला ग्रेट म्हणायचं का? आपल्याकडे कायदे उगाच झाले नाहीत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कोरडवाहूची कमाल मर्यादा 54 एकर, बेनामीला 2016 च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपर्यंत तुरुंग. तुमचा ह्यूजस जळगाव जिल्ह्यात 25,000 एकर घ्यायला आला असता, तर तलाठ्यानंच चहा पाजून परत पाठवला असता.

भुसावळ_जंक्शन

काकांचं वाचून वाईट वाटलं भाऊ. पण ह्यूजसनं कोणा शेतकऱ्याचा अंगठा घेतला नाही. ती सरकारी पडीक जमीन होती. उत्तर नेवाडातली स्वतःची जमीन सरकारला दिली आणि बदल्यात ही घेतली. अदलाबदल.

एरंडोलचा_शेतकरी

अदलाबदल कोणतं कारण सांगून केली तेही लिहा ना. त्याच्या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं संशोधन तिकडे हलवायचं, देशाच्या संरक्षणाचं काम आहे, असं सांगून. त्या कंपनीतले शास्त्रज्ञ म्हणाले, कॅलिफोर्निया सोडून त्या वाळवंटात आम्ही येणार नाही. कारखाना गेला नाही, जमीन मात्र राहिली. उद्योगाच्या नावानं घेतलेला आणि तारेचं कुंपण घालून ठेवलेला प्लॉट आपल्याकडे कोणी पाहिलाच नाही वाटतं!

भुसावळ_जंक्शन

हे मान्य. "ग्रेट" मागे घेतो. "पक्का" म्हणतो.

चोपड्याचा_मॅनेजर

मी सतरा वर्षं हॉटेल लाइनीत आहे, सध्या नाशिकला. दोघांच्याही विरोधात लिहितोय.

नाना, रागावू नका, पण टॉवेल गेले ते मालक पुण्याला गेला म्हणून नाही, टॉवेलचा हिशेब कोणाकडेच नव्हता म्हणून. आमच्याकडे मालक कधी दिसत नाही. दिसला तर उलट कामाचा खोळंबा होतो. लाँड्रीला काय गेलं, काय आलं, शिफ्ट बदलताना सही. टॉवेल कमी पडला तर कोणाच्या पाळीत पडला ते संध्याकाळपर्यंत कळतं.

आणि व्हेगासचा मोठा बदल तुम्ही सोडूनच दिलात. तेव्हा नेवाडात कॅसिनोच्या प्रत्येक भागधारकाला लायसन्स काढावं लागे, म्हणून हजारो भागधारकांच्या कंपन्या तिथं येऊच शकत नव्हत्या. धंदा गुंडांच्या टोळ्यांकडे. ह्यूजस आपल्या कंपनीचा एकटा मालक, म्हणून त्याला जमलं. गव्हर्नर लॅक्सॉल्टनं तर त्याला समोर हजर न राहता लायसन्स मिळू दिलं, कारण एवढा मोठा उद्योगपती आला म्हटल्यावर गावाची अब्रू वाढली. मग 1969 च्या कायद्यानं कंपन्यांना दार उघडलं. आज तिथली मोठी हॉटेलं कंपन्यांची आहेत. त्यांच्या भागधारकांचं तोंड कोण पाहतो?

भुसावळ_जंक्शन

मॅनेजरसाहेब, मग ह्यूजसच्या मॅनेजरचंही सांगा. रॉबर्ट माह्यू. वर्षाला पाच लाखांच्या वर डॉलर पगार, सगळा कारभार हातात, आणि मालकाशी समोरासमोर भेट एकदाही नाही. फोन आणि पिवळ्या कागदावरच्या चिठ्ठ्या. 1970 च्या नोव्हेंबरात मालकाला आगीच्या वेळी वापरायच्या जिन्यानं उतरवून बहामा बेटांवर नेलं, तेव्हा या मॅनेजरला पत्ताच नव्हता! पुढच्याच महिन्यात नोकरी गेली. 1972 मध्ये मालक फोनवरून पत्रकारांना म्हणाला, यानं मला लुटलं. माह्यूनं बदनामीचा दावा लावला, ज्युरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला, वरच्या कोर्टात तो फिरला, शेवटी तडजोड.

तुमच्या लाँड्रीच्या वहीत मालकाची सही कुठे असते तेवढं सांगा.

चोपड्याचा_मॅनेजर

नसते. पण माझा मालक जिवंत आहे हे मला माहीत असतं. :)

गंमत नाही. 1973 मध्ये नेवाडाच्या पुढच्या गव्हर्नरला, ओ'कॅलहनला, लंडनच्या हॉटेलात जाऊन ह्यूजस आहे की नाही ते डोळ्यांनी पाहून यावं लागलं. इथे तुमचा मुद्दा मला मान्य. मालक दिसला नाही तरी चालतो, पण तो आहे की नाही यावरच शंका आली तर दुकान चालत नाही.

बोअरवाला_यावल

सगळे मोठमोठे मुद्दे मांडू राह्यले, मुळात पैसा कोणाचा ते कोणी बोलत नाही. मी ट्यूबवेलची मशीन चालवतो. आमच्याकडे तापीकाठच्या गाळात फिरत्या रिगला तीन शंकूंचा बिट, म्हणजे खोदणारं टोक, लागतो. त्याचा आजोबा म्हणजे ह्यूजसच्या बापाचा दोन शंकूंचा बिट, 1909 चा. तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांना तो घेतल्याशिवाय इलाज नव्हता. बाप तो विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा. बाप 1924 मध्ये गेला तेव्हा पोरगा 18 वर्षांचा, बिटची कंपनी त्याच्याकडे आली. तीन शंकूंचा बिट 1933 मध्ये त्याच कंपनीच्या इंजिनीयरांनी काढला, साहेब तेव्हा सिनेमा आणि विमानांच्या नादात होते.

म्हणजे हॉटेल तोट्यात गेलं काय, जमीन पडून राहिली काय, खाली कुठेतरी बिट फिरतच होता. अशा माणसाचा धडा चौदा खोल्यांच्या लॉजवाल्यानं घ्यायचाच कशाला? नानांचा बिट कुठे आहे?

भुसावळ_जंक्शन

नानांचा बिट म्हणजे खालचा चहा-नाश्त्याचा गाळा. त्यावरच हप्ते गेले. दादा, तुमचा मुद्दा इथला सगळ्यात भारी. खरंच, व्हेगासची ती हॉटेलं त्याच्या हातात असताना तोट्यातच होती. दुसरा असता तर दोन वर्षांत बोर्ड उतरवला असता.

धुळे_कट्टा

तुम्ही सगळे एका आजारी माणसाला धंद्याची पद्धत समजून बसलात. 1946 मध्ये स्वतः विमान चालवताना तो बेव्हर्ली हिल्सच्या घरांवर कोसळला. वाचला, पण दुखण्यावर कोडीन हे अफूच्या जातीचं औषध सुरू झालं ते सुटलं नाही. जंतूंची भीती इतकी की वस्तू टिश्यू पेपर धरून उचलायच्या. 1968 मध्ये व्हेगासचं टीव्ही स्टेशन विकत घेतलं, रात्रभर सिनेमे लागावेत म्हणून. त्याला रात्री झोप नव्हती. 5 एप्रिल 1976 ला विमानात वारला तेव्हा एवढ्या उंच माणसाचं वजन चाळीस किलोच्या आसपास, ओळख पटवायला बोटांचे ठसे लागले. वैध मृत्युपत्र नाही. मॉर्मन चर्चमध्ये सापडलेलं एक मृत्युपत्र 1978 मध्ये ज्युरीनं बनावट ठरवलं. चुलतमामे नातेवाईक वर्षानुवर्षं कोर्टात.

हे गुपित नव्हतं हो. घरात असा माणूस असला तर आपण दार लोटून घेतो आणि आल्यागेल्याला सांगतो, "झोपलेत." त्याच्या भोवतीचे पगारी लोक तेच करत होते, फरक इतकाच की ते त्याच्या नावानं हॉटेलंही चालवत होते. तुमच्या पार्टीतल्या प्लॉटिंगवाल्याला सांगा, नक्कल करायची तर पूर्ण करा.

एरंडोलचा_शेतकरी

हे वाचून माझाही राग जरा उतरला. ह्यूजसवरचा. गोठेवाल्यावरचा नाही.

नंदुरबारनी_ताई

मी काय म्हनस नाना, ते सगळं ऱ्हाऊ द्या. आमची दोंडाईचाला सहा खोल्यांची खानावळ-कम-लॉज आहे. चार नंबरमध्ये एक जण नऊ दिवसांपासून उतरलाय. पैसे रोज सकाळी देतो, बाहेर पडत नाही, झाडायला येऊ देत नाही, शेवभाजी दारात ठेवायला सांगतो. आधारची झेरॉक्स घेतली आहे. परवा लग्नाची तिथी, खोली आगाऊ बुक आहे. काय करू?

भुसावळ_जंक्शन

ताई, आधी झेरॉक्सवरचा फोटो आणि माणूस एकच आहे ना ते स्वतः पाहा, पोराला पाठवू नका. दार उघडत नसेल तर पोलीस चौकीला कळवून ठेवा, रजिस्टरची नोंद दाखवा. तब्येतीचंही विचारा, धुळेवाल्या भाऊंचं वाचल्यावर मला तीच शंका आली. आणि परवाचं आजच सांगा, तिथीच्या सकाळी सांगू नका. लग्नघरचे लोक बॅगा घेऊन जिन्यात उभे असतात तेव्हा भांडण नको.

खानावळ विकत घेतो म्हणाला तर मात्र मला आधी फोन करा.

ता. क. पार्टीतल्या प्लॉटिंगवाल्यानं धागा वाचलाय. आत्ताच फोन आला होता. ह्यूजसबद्दल काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "नाना, माझं नाव टाकलं नाही ना कुठे?"